वाटेगावचा तुकाराम देशाचा 'लोकशाहीर' कसा झाला? अण्णा भाऊ साठेंच्या प्रवासाची गोष्ट

दरवर्षी १ ऑगस्टला सकाळी मोबाईल उघडला की स्टेटसवर दोन फोटो हमखास दिसतात. एक लोकमान्य टिळकांचा, कारण ती त्यांची पुण्यतिथी. दुसरा अण्णा भाऊ साठेंचा, कारण ती त्यांची जयंती. योगायोग असा की दोन्ही घटना एकाच दिवशीच्या आहेत. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले.

टिळकांचं काम शाळेच्या पुस्तकामुळे बऱ्याच जणांना माहीत असतं. अण्णा भाऊंच्या बाबतीत गोष्ट फोटो, त्याखाली 'साहित्यरत्न, लोकशाहीर' आणि विनम्र अभिवादन इथेच थांबते. संध्याकाळी मिरवणूक निघते, गाणी वाजतात आणि दुसऱ्या दिवशी फीड पुढे सरकते.

पण धड शाळाही न बघितलेला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक पोरगा टीव्ही नसताना, इंटरनेट नसताना देशभर पोचला कसा? आजचा एखादा रॅपर गल्लीतल्या सायफरमधून उठून देशभर गाजतो, तेव्हा त्याच्या मागे यूट्यूब असतं, रील्स असतात. अण्णा भाऊंच्या मागे काय होतं?

तेच समजून घेऊ.

थोडक्यात ओळख

- मूळ नाव : तुकाराम भाऊराव साठे
- जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, ता. वाळवा (आताचा सांगली जिल्हा)
- आई-वडील : वालुबाई आणि भाऊराव
- काय केलं : पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं, कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णन
- गाजलेली कादंबरी : फकिरा (१९५९)
- गाजलेलं गाणं : माझी मैना गावावर राहिली
- निधन : १८ जुलै १९६९, मुंबई

वाटेगाव आणि आजूबाजूचा 'सीन'

नकाशात बघितलं तर कृष्णेच्या एका बाजूला पलूस, कुंडल, किर्लोस्करवाडी हा पट्टा लागतो आणि नदी ओलांडली की वाळवा तालुका. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. तेव्हा हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ ला दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून जुन्या लिखाणात अण्णा भाऊ 'साताऱ्याचे' दिसतात आणि आज त्यांना 'सांगलीचे' म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

या भागात जत्रा म्हटलं की दोन गोष्टी पक्क्या. दुपारी कुस्त्यांचं मैदान आणि रात्री तमाशा. गावागावांत फड यायचे. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज एवढ्या साहित्यावर रात्र जागवायचे. सोंगाड्याने त्याच गावातल्या पाटलावर, सावकारावर जागच्या जागी कोटी केली की प्रेक्षक लोळायचे. आधी पाठ केलेलं आणि ऐनवेळी सुचलेलं, दोन्ही तिथे चालायचं.

या कलेत बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. म्हणजे गावाला त्यांची कला हवी होती, पण त्यांची घरं गावाबाहेर. अण्णा भाऊंचं घर मातंग समाजातलं. हलगीचा आवाज त्यांना कुणी वेगळा शिकवण्याची गरजच नव्हती.

याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावात १८६६ ला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा मुलगा जन्मला. हा ब्राह्मण घरातला मुलगा सगळ्यांचा विरोध पत्करून तमाशात गेला. जग त्याला पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतं. त्यांनी आणि पवळा या कलावंतिणीने मुंबई गाजवली. अण्णा भाऊ लहान होते तेव्हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा 'स्टार' म्हणजे पठ्ठे बापूराव. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

शाळा दीड दिवसाची, मग मुंबई

अण्णा भाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले असं सांगितलं जातं. मास्तरांची वागणूक आणि जातीमुळे मिळणारी हिडीसफिडीस हे त्याचं कारण. एका हुशार पोराची शाळा इतक्या सहज सुटू शकत होती, हे त्या काळाचं वास्तव होतं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि दारिद्र्याला कंटाळून हे कुटुंब मुंबईला निघालं. रेल्वेला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत, बराचसा रस्ता पायी तुडवत ते पोचले. भायखळ्याच्या चाळीत राहिले. अण्णा भाऊंनी तिथे हमाली केली, फेरीवाल्याबरोबर फिरले, कापड गिरणीत झाडूवाल्याचं काम केलं.

अक्षरओळख इथेच झाली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते वाचायला शिकले. सिनेमाचं वेडही तिथलंच. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले, तेव्हा या वर्तुळाचं दुसरं टोक जुळलं.

मधल्या काळात ते गावी परतले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात काम करू लागले. पेटी, ढोलकी, सोंगाड्याची कामं, लावणी असं सगळं केलं. त्यांची 'ट्रेनिंग' म्हणायची तर ती ही. गर्दी कधी कंटाळते, हशा कुठे घ्यायचा, ओळ कितव्या मात्रेवर सोडायची, हे कागदावर शिकता येत नाही. ते फडात शिकता येतं.

पहिलं गाणं डासांवर

मुंबईत धारावीला लागून माटुंगा लेबर कॅम्प नावाची कामगारांची वस्ती आहे. गटारं, चिखल, दाटीवाटीची घरं. अण्णा भाऊ इथे राहिले. कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते याच वस्तीत काम करत होते. त्यांच्या संगतीत अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षात आले.

असं सांगतात की कार्यकर्त्यांनी त्यांना गाणं लिहायचा आग्रह केला आणि त्यांनी पहिलं गाणं लिहिलं ते लेबर कॅम्पातल्या डासांवर. वस्तीतल्या लोकांना ते प्रचंड आवडलं. कारण सोपं आहे. त्या गाण्यातला त्रास रोज रात्री प्रत्येकाच्या अंगाला चावत होता.

पुढच्या सगळ्या लिखाणात हीच पद्धत दिसते. आधी लोकांना रोज भोगावी लागणारी गोष्ट धरायची, त्यांच्याच चालीत आणि त्यांच्याच बोलीत सांगायची आणि मग हळूच प्रश्न विचारायचा की हे असं का आहे.

त्यांनी तमाशात बदललं काय?

हे समजायला तमाशाचा ढाचा माहीत हवा. पारंपरिक तमाशा सुरू होतो 'गणा'ने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने. मग 'गवळण' : कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, मावशी आणि थट्टामस्करी. त्यानंतर लावण्या, बतावणी म्हणजे विनोदी संवाद आणि शेवटी 'वग' म्हणजे मुख्य नाटक. वगात राजे-राण्या असायच्या.

अण्णा भाऊंनी हा ढाचा मोडला नाही, त्याच्या आतला माल बदलला. त्यांच्या गणात देवाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. गवळणीतली बायकांची टिंगल कमी झाली. वगात राजाच्या जागी सावकार, गिरणीमालक, पुढारी आणि निवडणुकीला उभे राहिलेले शेठजी आले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्याचा दौरा' ही त्यांच्या लोकनाट्यांची नावं वाचली तरी विषय कळतो. आजच्या कुठल्याही निवडणुकीत ही नावं जुनी वाटणार नाहीत.

पोवाड्याचंही तसंच. पोवाडा म्हणजे पराक्रमाचं गाणं. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला मानला जातो. म्हणजे जवळपास ३०० वर्षं हा प्रकार राजांचे आणि सरदारांचे पराक्रम सांगत होता. अण्णा भाऊंनी तोच डफ घेतला आणि स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. रशियातल्या या शहराने हिटलरच्या सैन्याला रोखलं आणि १९४३ च्या सुरुवातीला ती लढाई संपली. वाटेगावच्या पोराने व्होल्गा नदीकाठची लढाई मुंबईच्या गिरणी कामगाराला शिवाजी महाराजांच्या पोवाड्याच्या जोशात ऐकवली. परदेशातली बातमी ऐकणाऱ्याला एकदम घरची वाटली.

मुंबईवरचं 'रिप्लाय' गाणं

रॅप ऐकणाऱ्यांना 'रिप्लाय ट्रॅक' माहीत असतो. एकाने गाणं केलं की दुसरा त्याला गाण्यातूनच उत्तर देतो. लावणीत आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत सवाल-जवाबाची ही पद्धत फार जुनी आहे.

पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. तिच्यात या शहराचा थाट, झगमगाट, इमारती आणि श्रीमंती आहे. पहिल्यांदा मुंबई बघणाऱ्याचे डोळे दिपावेत तशी ती लावणी.

अण्णा भाऊंनीही 'मुंबईची लावणी' लिहिली. तिच्यात तेच शहर आहे, पण बघणारा वेगळ्या जागी उभा आहे. एकीकडे उंच माड्या, दुसरीकडे झोपड्या आणि फूटपाथ. चैन करणारे आणि त्यांच्यासाठी राबणारे. एकाच तालुक्यातले दोन शाहीर, एकाच शहरावरच्या दोन लावण्या, पण दोघांच्या मुंबया वेगळ्या. पठ्ठे बापूरावांनी पाहुण्याच्या नजरेने मुंबई दाखवली, अण्णा भाऊंनी झाडूवाल्याच्या.

मुंबईतून देशभर

१९४४ ला तीन शाहीर एकत्र आले. वाटेगावचे अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि दत्ता गवाणकर. त्यांनी काढलेल्या पथकाचं नाव 'लाल बावटा कलापथक'.

हे पथक कसं चालायचं? अमर शेखांचा आवाज पहाडी. मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. गवाणकरही तयारीचे. आणि अण्णा भाऊंची लेखणी. गिरणीच्या दारात, लालबाग-परळच्या मैदानात, शेतकऱ्यांच्या सभेत कुठेही फड उभा राहायचा. नेता यायच्या आधी शाहीर गर्दी जमवायचे. बऱ्याचदा लोक भाषणासाठी कमी आणि शाहिरीसाठी जास्त थांबायचे.

आता 'व्हायरल' होण्याचा भाग. तेव्हा गिरणगावात राबणारे हजारो लोक सातारा, कोल्हापूर, कोकण, नगर या भागांतले होते. हे कामगार जत्रेला, सणाला, पेरणीला गावी जायचे. मुंबईत ऐकलेलं गाणं त्यांच्या तोंडी गावात पोचायचं. तिथून शेजारच्या गावात. छोट्या पुस्तिका छापून निघायच्या, ज्याला वाचता येई तो चार जणांना म्हणून दाखवायचा. गिरणी कामगार हेच त्या काळाचं शेअर बटण होतं.

गावाकडची जमीनही तयार होती. १९४३ ला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचं एक मुख्य केंद्र होतं आज पलूस तालुक्यात असलेलं कुंडल. कुंडलच्याच जी. डी. बापू लाड यांनी तुफान सेना बांधली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रजांचे पैसे लुटले गेले. या चळवळीतही शाहीर शंकरराव निकम यांच्यासारखे शाहीर होते. ज्या भागात लोक भाषणापेक्षा पोवाड्यावर जास्त विश्वास ठेवत, तिथे अण्णा भाऊंची गाणी ऐकायला वेगळी तयारी लागत नव्हती.

राष्ट्रीय पातळीवर जाण्याचा रस्ता होता 'इप्टा', म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन. मुंबईत मे १९४३ ला ही संघटना स्थापन झाली. बलराज साहनी, कैफी आझमी, सलील चौधरी अशी मंडळी तिच्याशी जोडलेली होती. वेगवेगळ्या राज्यांची लोककला आणि आजचे प्रश्न एकत्र आणायचे, ही इप्टाची कल्पना. अण्णा भाऊ नेमकं तेच आधीपासून करत होते. बंगालच्या दुष्काळावरचं 'बंगालची हाक', अमळनेरच्या गिरणी कामगारांवरच्या गोळीबारावरचा पोवाडा, फाळणीच्या दंगलींवरचा 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हे सगळं मराठीत होतं, पण विषय अख्ख्या देशाचा होता.

१९४९ ला अलाहाबादच्या अधिवेशनात ते इप्टाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांचं वय २८. ज्याला गावच्या शाळेने दीड दिवसात बाहेर घालवलं, तो देशभरातल्या नाटककार, कवी, नट यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. आणि त्यासाठी त्याला आपली भाषा बदलावी लागली नव्हती.

सरकारने बंदी घातली, नाव बदललं

इथे वाटलं असेल की आता सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. तमाशा अश्लील आहे म्हणून सरकारने त्यावर बंदी आणली. हजारो कलावंतांच्या पोटावर पाय आला. नंतर सुधारणेच्या अटी आल्या, संहिता तपासूनच प्रयोग करायचे असा नियम झाला. त्याच काळात कम्युनिस्ट पक्षावर कारवाई सुरू होती आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली.

म्हणजे अण्णा भाऊ दोन्हीकडून अडकले. तमाशा म्हणून बंद आणि लाल बावटा म्हणूनही बंद.

यातून वाट निघाली ती 'लोकनाट्य' या शब्दाची. तमाशाचाच बाज, पण नाव वेगळं आणि आशय आजचा. हा शब्द रूढ करण्याचं मोठं श्रेय अण्णा भाऊंना दिलं जातं. पुढच्या काळात मराठीत लोकनाट्याने प्रतिष्ठित रंगमंच गाजवले आणि शहरी प्रेक्षक तिकीट काढून ती बघायला गेले. जी कला गावकुसाबाहेर ठेवली होती तिला नाट्यगृहाचं दार उघडलं, ते या बदललेल्या नावाने.

'माझी मैना' नेमकी कोण?

अण्णा भाऊंचं एकच गाणं माहीत असेल तर ते बहुतेक हेच असेल. पुढच्या पिढीत विठ्ठल उमपांच्या आवाजाने ते घराघरात गेलं. बरेच जण ते प्रेमगीत म्हणून ऐकतात. ते प्रेमगीत आहेच, पण अर्धंच.

ही आहे 'छक्कड', लावणीचाच एक प्रकार. पोटासाठी मुंबईत आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, तिचं साधेपण, निघतानाची ताटातूट आणि मुंबईतली गर्दी, बेकारी. गिरणगावात बायको-पोरं गावी ठेवून खोलीत आठ-दहा जणांसोबत राहणाऱ्या प्रत्येकाची ती गोष्ट होती.

मग गाणं वळण घेतं. १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी बाजूला पडली आणि आंदोलन पेटलं. फ्लोरा फाउंटन परिसरात आणि मुंबईत इतरत्र गोळीबार झाले, शंभरावर माणसं गेली. या गाण्यात मैनेची ताटातूट आणि महाराष्ट्रापासून तुटलेले बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे भाग एक होऊन जातात. बायकोपासून दूर राहण्याचं दुःख कामगाराला समजावून सांगावं लागत नव्हतं. तेच दुःख धरून अण्णा भाऊंनी त्याला नकाशा समजावला.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर या शाहिरांचा त्यातला वाटा आजही मानला जातो. बेळगावचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्यामुळे ही छक्कड सीमाभागात आजही जुनी झालेली नाही.

फकिरा आणि बाकीची पुस्तकं

अण्णा भाऊंच्या नावावर सुमारे ३५ कादंबऱ्या आहेत. शिवाय कथासंग्रह, लोकनाट्यं, पोवाडे वेगळे. त्यांच्या ७ कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. 'वैजयंता', 'फकिरा', 'वारणेचा वाघ' ही त्यातली माहितीची नावं.

१९५९ ची 'फकिरा' सगळ्यात गाजली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि अर्पण केली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. १९६१ ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा हा वाटेगावच्या मांगवाड्यातला बंडखोर. गावाची शान राखण्यासाठी त्याचा बाप राणोजी जीव देतो. पुढे दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात तेव्हा फकिरा धान्य आणि खजिना लुटतो. इंग्रज सरकारने काही जाती-जमातींना कायद्यानेच 'गुन्हेगार' ठरवलं होतं, त्यांना रोज हजेरी द्यावी लागायची. सरकारी कागदावर ज्याला दरोडेखोर लिहिलं त्याला अण्णा भाऊंनी नायक केलं. हा फकिरा त्यांच्याच नात्यातला होता असं सांगितलं जातं.

म्हणजे कादंबरीतही त्यांनी पोवाडाच रचला. फक्त यावेळी डफ नव्हता.

१९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नाही तर कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, या आशयाचं त्यांचं विधान याच भाषणातलं. जयंतीच्या पोस्टरवर ते हमखास दिसतं. १९६१ ला ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ज्या देशाच्या लढाईवर न बघता पोवाडा केला होता, तो देश त्यांनी जवळपास १८ वर्षांनी बघितला.

नाव झालं, पण पैसा?

ही गोष्ट जयंतीच्या पोस्टरवर सहसा येत नाही.

राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद, परदेश दौरा, पुरस्कार, सिनेमे हे सगळं होत असताना अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होते. एक-दोन नाही, वीसहून जास्त वर्षं. 'फकिरा' त्याच काळातली. शेवटी शेवटी गोरेगावला घर मिळालं. तोवर तब्येत आणि संसार दोन्ही ढासळले होते. १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा वय ४८. पुढच्याच महिन्यात अमर शेखही अपघातात गेले.

मैदानात गायलेल्या गाण्याचं मानधन नसतं. चळवळीसाठी लिहिलेल्या पुस्तिकेतून घर चालत नाही. तोंडोतोंडी पसरलेल्या गाण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ज्या गोष्टींमुळे अण्णा भाऊ घराघरात पोचले, त्या गोष्टींमुळेच त्यांच्या घरात काही आलं नाही.

मान नंतर मिळाला. १९८५ ला त्यांच्या नावाने राज्य सरकारने विकास महामंडळ काढलं. २००२ ला टपाल तिकीट निघालं. २०२२ ला मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. या मानाची मोजदाद करताना चिरागनगरची ती वर्षंही मोजायला हवीत.

मग त्यांना 'पहिला रॅपर' म्हणायचं का?

सोशल मीडियावर असं अधूनमधून म्हटलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही.

रॅप जन्मला १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांमध्ये. शाहिरीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. तिचा इतिहास कित्येक शतकं जुना आहे. शाहिराला रॅपरचं लेबल लावलं म्हणून तो मोठा होत नाही.

पण साम्य आहे आणि ते वरवरचं नाही. ताल पुढे, शब्द त्याहून पुढे. वस्तीची भाषा. कमी साहित्य. सत्तेला नाव घेऊन विचारलेला प्रश्न. आणि आपण कुठून आलो हे अभिमानाने सांगणं. २०१९ ला 'गली बॉय' आला आणि धारावीचं रॅप देशाने ऐकलं. त्याच धारावीच्या शेजारच्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊंनी डासांवर गाणं लिहिलं होतं. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३ ला बिग बॉस जिंकला तो वस्तीची भाषा न सोडता. स्वदेशी या मुंबईच्या गटाने वारली आदिवासींच्या जंगलाच्या प्रश्नावर त्यांच्याच लोकसंगीताला रॅपची जोड दिली.

दुसरी, थेट वारशाची वाटही चालू आहे. शाहीर संभाजी भगत आजही डफ घेऊन गातात. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा सिनेमा एका शाहिरावर त्याच्या गाण्यामुळे चाललेल्या खटल्याची गोष्ट सांगतो. भगत यांचंच संगीत असलेल्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यावर बंदी, गाण्यावर खटला हा विषय लाल बावट्याच्या काळात संपला नाही, हे त्यातून दिसतं.

सुरुवात कुठून करायची?

अण्णा भाऊंचं काहीच वाचलं-ऐकलं नसेल तर क्रम असा ठेवता येईल.

आधी 'माझी मैना गावावर राहिली' शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यात थांबलात तर फक्त मैना भेटेल, बेळगाव भेटणार नाही. मग 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचा. खाणीचं काम सुटल्यावर मढी उकरून सोनं शोधणाऱ्या भीमाची ही गोष्ट एका बैठकीत संपते आणि बरेच दिवस डोक्यातून जात नाही. मग 'मुंबईची लावणी', शक्य झालं तर पठ्ठे बापूरावांच्या लावणीशेजारी ठेवून. आणि मग निवांत 'फकिरा'.

पुढच्या १ ऑगस्टला स्टेटस ठेवायचंच आहे. तोवर यातलं एक तरी ऐकून झालेलं असलं तर फोटोतला माणूस थोडा ओळखीचा वाटेल.